उत्तराची जागा : तान्ह्या मुलांशी बोलणे आणि त्यांना वाचून दाखवणे

चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये सहा भाषांमधील बाळबोलीची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. सीरियातील अरबी, इंग्लिश, स्पॅनिश, उत्तर अमेरिकेतील कोमांची आणि सायबेरियाच्या पूर्व टोकाकडील गिल्याक यांच्या पंक्तीला त्यात मराठीही होती. आणि त्याच वर्षी अशोक रामचंद्र केळकर यांनी ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी बाळबोलीचे स्वतंत्र वर्णन केले. तान्ह्या मुलाशी कसे बोलावे याविषयीचा सल्ला आज मराठी पालकांकडे बहुधा परदेशी पुस्तकांतून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून येतो, तेव्हा या विषयाच्या पायाभरणीतच मराठीचा दगड आहे, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या लक्षात असते.

मोठी माणसे तान्ह्या मुलांशी बोलताना जी बोली वापरतात, जिचे शब्द, उच्चार आणि वाक्यरचना त्या त्या समाजात परंपरेने चालत आलेल्या असतात आणि जी मूल मोठ्यांकडूनच शिकते, तिला बाळबोली म्हणतात. ही बोली मुलांनी निर्माण केली आणि मोठ्यांनी कौतुकाने उचलली, असा सार्वत्रिक समज असला तरी फर्ग्युसनचे प्रतिपादन नेमके उलट होते : ती मोठ्यांची भाषिक संस्था आहे, जशी लग्नपत्रिकेची किंवा न्यायालयाची भाषा ही मोठ्यांचीच असते.

मराठी घरातील तान्ह्या मुलाभोवतीचे शब्द पाहिले की या संस्थेची घडण स्पष्ट होते. जेवण ते मंमं, दूध ते दुदू, झोप म्हणजे जोजो किंवा गाई, लागले-खुपले की बाऊ, बाहेर जायचे तर भुर्र, गाय ती हम्मा, कुत्रा तो भूभू, चिमणी चिऊ, कावळा काऊ आणि मांजर माऊ. यांत ओठांवर सहज येणारी व्यंजने, एकाच अक्षराची पुनरुक्ती आणि प्राण्याच्या आवाजावरूनच त्याला दिलेले नाव, असे तीन धागे चटकन दिसतात. उच्चारांतही ‘र’चा ‘ल’ होतो, ‘श’चा ‘छ’ होतो आणि एरवी शुद्धलेखनाचा आग्रह धरणारे आजोबाही कोणी माललं म्हणून नातवाची चौकशी करतात. व्याकरणाचा भाग याहून मनोरंजक आहे. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ वेगळे आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ वेगळे. बाळाशी बोलताना मात्र ‘आपण आता मंमं करायची हं’ या वाक्यातील ‘आपण’मध्ये जेवणारे बाळ एकटेच असते, आणि बोलणारी आई स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘आई’ म्हणते. मुलीला राजा आणि सोन्या म्हणण्यात कोणाला व्याकरणाची अडचण वाटत नाही. चंद्र मामा होतो, चिमणी ताई होते, मांजर मावशी होते. नाते लावल्याशिवाय या जगात कोणाला प्रवेशच नसतो.

सुशिक्षित घरांत अलीकडे या बोलीकडे संशयाने पाहिले जाते. मुलाशी बोबडे बोलले तर ते बोबडेच राहील, म्हणून पहिल्या दिवसापासून ‘कुत्रा’ आणि ‘गाय’ असेच शब्द वापरावेत, असे सांगितले जाते. उच्चार मुद्दाम बिघडवण्याची गरज नाही, इतके मान्य करता येईल. पण ठरावीक बाळशब्दांवरचा हा राग अभ्यासाच्या कसोटीला उतरत नाही. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी नऊ महिन्यांपासून एकवीस महिन्यांपर्यंतच्या ४७ मुलांचा अभ्यास करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार पुनरुक्त अक्षरांचे आणि लाडिक प्रत्ययांचे शब्द ज्यांच्या कानांवर अधिक पडले, त्या मुलांचा शब्दसंग्रह अधिक वेगाने वाढला. भूभू म्हणणारे मूल पुढे कुत्रा म्हणायला शिकते, याची साक्ष तर मराठी बोलणारा प्रत्येक प्रौढ स्वतःच आहे.

बाळाचे ऐकणे मात्र या शब्दांच्या कितीतरी आधी सुरू होते. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत कानाची यंत्रणा काम करू लागलेली असते आणि आईचा आवाज गर्भजलातून व हाडांमधून आत पोहोचतो. त्यात व्यंजने पुसट होतात, पण लय आणि चढउतार बऱ्यापैकी शिल्लक राहतात. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन दिवसांहून कमी वयाच्या अर्भकांना चोखणी दिली होती. चोखण्याची लय एका पद्धतीने बदलली की आईचा आवाज ऐकू येई आणि दुसऱ्या पद्धतीने बदलली की परक्या स्त्रीचा. अर्भकांनी आईचा आवाज मिळवून देणारी लय धरली. सहा वर्षांनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी आणखी पुढचा प्रयोग केला : गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत मातांनी एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली आणि जन्मानंतर बाळांनी न ऐकलेल्या गोष्टीपेक्षा तीच गोष्ट पसंत केली. अभिमन्यूची कथा ज्या समाजात घरोघरी ठाऊक आहे, तेथे या प्रयोगाचा भलताच अर्थ लावण्याचा मोह होतो आणि गर्भसंस्काराच्या नावाखाली तो मोह विकलाही जातो. म्हणून हे स्पष्ट केले पाहिजे, की बाळाने ओळखली ती लय आणि आवाजाचा पोत, गोष्टीतील आशय नव्हे, आणि चक्रव्यूहाचा भेद तर मुळीच नव्हे.

जन्मल्यावर बाळ कोणत्याही एका भाषेचे नसते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडात केलेल्या संशोधनात एक जोडी हिंदीतून घेतली होती, आणि ती मराठी कानालाही आपलीच वाटेल : दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’. जीभ दातांना लागून होणारा ‘त’ आणि जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागल्यावर होणारा ‘ट’ हा भेद इंग्लिश भाषेत अर्थभेद करत नाही. मराठीत मात्र त्यावर ताक आणि टाक हे दोन वेगळे शब्द उभे राहतात. इंग्लिशभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा भेद कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो बहुतांशी कळेनासा झाला होता आणि इंग्लिशभाषक प्रौढांनाही तो अवघडच जात होता, तर हिंदी घरांतील मुलांनी तो टिकवून ठेवला होता. पहिल्या वर्षाचे भाषाशिक्षण म्हणजे केवळ भर घालणे नसून निवड करणेही असते. भोवतालच्या बोलण्यात जे भेद कामाचे ठरतात त्यांवर कान स्थिरावतो आणि बाकीचे सोडून देतो. दोन प्रकारचे ‘च’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्यासह मराठीचे सारे ध्वनिवैभव बाळाच्या पदरात पडायचे ते शाळेत वर्णमाला गिरवताना पडत नाही. त्याची तयारी मूल उठून उभे राहण्याच्या सुमारास झालेली असते.

ध्वनी ओळखले तरी शब्द सुटे करणे राहतेच, कारण बोलताना शब्दांमध्ये लिखाणातल्यासारखी मोकळी जागा नसते. जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांचा अखंड प्रवाह दोन मिनिटे ऐकवला. कोणती अक्षरे नेहमी एकमेकांमागून येतात आणि कोणती क्वचित, एवढ्याच आधारावर बाळांनी त्या प्रवाहातले ‘शब्द’ वेगळे काढले. याला सांख्यिक अधिगम म्हणतात, म्हणजे वारंवारितेचा हिशेब नकळत ठेवून शिकणे. तेच तेच पुन्हा ऐकण्याचा बाळांचा कंटाळवाणा वाटणारा हट्ट या हिशेबाच्या दृष्टीने पाहिला तर मुळीच कंटाळवाणा राहत नाही.

बाळाशी बोलताना मोठ्यांचा आवाज आपोआप वर चढतो, स्वर लांबतात, वाक्ये आखूड होतात आणि मध्ये विराम येतात. अॅन फर्नाल्ड यांनी वेगवेगळ्या भाषांतील मातापित्यांचे बोलणे तपासून दाखवले, की शाबासकी, मनाई, लक्ष वेधणे आणि समजूत घालणे यांचे सूर भाषा बदलली तरी बरेचसे सारखे राहतात, आणि शब्द कळण्याआधी बाळ ते सूर ओळखते. या बोलण्याकडे बाळांचा खरोखर ओढा असतो का, हे पडताळण्यासाठी १६ देशांतील ६७ प्रयोगशाळांनी एकत्र येऊन २,३२९ बाळांवर एकच प्रयोग केला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे उत्तर होकारार्थी आले. पाळण्याशी वाकणाऱ्या आजीचा सूर बदलतो, त्याला कोणी प्रशिक्षण दिलेले नसते; पण तो वेडेपणाही नसतो.

आता वादाच्या मुद्द्याकडे वळणे भाग आहे. बाळाशी पुष्कळ बोला, या आजच्या उपदेशामागे बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले यांचे १९९५ चे पुस्तक उभे आहे. कॅन्झस सिटीतील ४२ कुटुंबांत दरमहा एक तास बसून, मुले तीन वर्षांची होईपर्यंत, त्यांनी घरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले. व्यावसायिक वर्गातील घरांत मुलाला उद्देशून तासाला सरासरी २,१५३ शब्द बोलले जात होते, तर सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांत ६१६. या फरकाला दिवसांनी आणि वर्षांनी गुणून चौथ्या वर्षापर्यंत सुमारे ३ कोटी शब्दांची तफावत पडते, असे अनुमान निघाले आणि तो आकडा जगभर घोषवाक्यासारखा फिरला. त्या आकड्याची ताकद त्याच्या साधेपणात होती आणि दुबळेपणाही तिथेच होता. सरकारी मदतीवरची कुटुंबे अवघी सहा होती. वही घेऊन घरात बसलेल्या परक्या माणसासमोर कोणत्या वर्गाची जीभ मोकळी होते आणि कोणत्या वर्गाची आखडते, हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नव्हता. आणि दरमहा एका तासावरून चार वर्षांचा हिशेब मांडणे हे मुळातच धाडसाचे होते. डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवेगळ्या अमेरिकी समाजांतली ध्वनिमुद्रणे पुन्हा तपासली, तेव्हा एकाच आर्थिक थरातील घराघरांत प्रचंड फरक आढळला आणि भावंडे, आजीआजोबा, शेजारी यांचे आसपासचे बोलणे मोजणीत धरल्यावर गरीब घरांचे चित्र पार बदलून गेले.

यावरून शब्दमोजणीचा मुद्दा निकालात निघाला असे समजणे घाईचे होईल. अॅड्रियाना वाइसलेडर आणि फर्नाल्ड यांनी २०१३ मध्ये २९ स्पॅनिशभाषक, अल्प उत्पन्नाच्या घरांतील एकोणीस महिन्यांच्या मुलांचे दिवसभराचे बोलणे अंगरख्याच्या खिशात ठेवलेल्या छोट्या ध्वनिमुद्रकाने टिपले. सगळी कुटुंबे आर्थिकदृष्ट्या जवळपास सारखीच असूनही एका मुलाला दिवसभरात उद्देशून जेमतेम ६७० शब्द मिळाले होते आणि दुसऱ्याला १२,००० हून अधिक. ज्यांना अधिक मिळाले त्यांचा शब्दसंग्रह दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मोठा झाला होता आणि ओळखीचा शब्द ऐकताच योग्य चित्राकडे नजर वळवण्याचा त्यांचा वेगही जास्त होता. आसपास मोठ्यांनी आपसांत केलेल्या बोलण्याचा मात्र या वाढीशी संबंध दिसला नाही. म्हणजे गरिबीलाच मुकेपणाचे कारण ठरवणे चुकीचे. आणि घरात माणसे बोलत असतात म्हणजे बाळाला भाषा मिळतेच, हेही पुरते खरे नाही.

या दोन्ही निष्कर्षांना मेक्सिकोच्या चियापास प्रांतातून एक अडचणीचे उदाहरण समोर येते. तेथील त्सेल्ताल माया समाजात बाळ दिवसातला बराच काळ आईच्या पाठीशी बांधलेले असते आणि त्याला उद्देशून फारच थोडे बोलले जाते. मरिसा कॅसिलास, पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या २०२० च्या अभ्यासात ते तासाला सरासरी चार मिनिटांहूनही कमी भरले. तरीही ही मुले बडबडू लागतात, पहिला शब्द उच्चारतात आणि शब्द जोडू लागतात ती साधारण त्याच वयांत, जी इतरत्र आढळतात. भाषा येणे ही मानवी बाळाची इतकी घट्ट प्रवृत्ती आहे की वाटा निराळ्या असल्या तरी ती आपले ठिकाण गाठते. त्सेल्ताल मुलाला दिवसभर कामात, माणसांत आणि बोलण्याच्या ऐन मध्यावर ठेवलेले असते. शहरी सदनिकेत दूरचित्रवाणीसमोर झोळीत ठेवलेल्या मुलाला ते सान्निध्यही नसते, म्हणून त्या उदाहरणाचा दाखला देऊन गप्प राहण्याची सोय कोणी करून घेऊ नये.

मग नेमके काय मोलाचे ठरते? मायकेल गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांच्या मातांना दोन गटांत विभागले. एका गटातील मातांनी बाळाने आवाज काढताच हसून, जवळ जाऊन, स्पर्श करून दाद दिली; दुसऱ्या गटातील मातांनी तेवढीच दाद दिली, पण संशोधकांनी सांगितलेल्या वेळी, म्हणजे बाळाच्या आवाजाशी तिचा मेळ नव्हता. पहिल्या गटातील बाळांची बडबड काही मिनिटांतच अधिक स्पष्ट आणि शब्दासारख्या घाटाची झाली. दाद तेवढीच होती. फरक पडला तो तिच्या वेळेने. पॅट्रिशिया कूल, फेंग-मिंग त्साओ आणि हुई-मेई लिउ यांनी त्याच वर्षी सिएटलमधील नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी भाषेची बारा सत्रे दिली : काहींना चिनी बोलणाऱ्या माणसाने समोर बसून खेळवत, काहींना त्याच माणसाच्या चित्रफितीतून, काहींना केवळ ध्वनिफितीतून. माणसासमोर बसलेल्या बाळांनी चिनीतला एक अनोळखी ध्वनिभेद शिकून घेतला. पडद्यासमोर आणि ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्यांनी काहीही घेतले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना बसल्याजागी पडदा दाखवू नये असे सुचवले, त्यामागे बैठेपणाची आणि झोपेची कारणेही आहेत. पण भाषेच्या अंगानेही पडदा निकामी ठरतो, कारण बाळ काय म्हणते याची तो वाट पाहत नाही. बाळगाणी लावलेला भ्रमणध्वनी हातात देऊन घास भरवणाऱ्या घरांत शब्दांची टंचाई नसते; फक्त ते शब्द कोणाच्याच उत्तरासाठी थांबलेले नसतात.

उत्तरासाठी अशी जागा ठेवण्याची कृती इतकी साधी आहे की तिला शास्त्रीय नाव द्यावे लागते तेव्हाच ती दिसते. जेरोम ब्रूनर यांनी तिला ‘संयुक्त अवधान’ म्हटले : बाळ आणि मोठे माणूस एकाच वस्तूकडे पाहत असतात आणि दोघांनाही ठाऊक असते की समोरचाही तेच पाहतो आहे. मायकेल टोमासेलो आणि मायकेल फरार यांनी १९८६ मध्ये दाखवले, की बाळ ज्याकडे पाहत आहे त्याचेच नाव सांगितले तर ते चांगले रुजते. बाळाची नजर तोडून दुसरीकडे वळवत शिकवलेले नाव तितके रुजत नाही. शिकवण्याची हौस असलेल्या पालकाला हे पचायला कठीण जाते. तो चित्रकार्ड पुढे करतो आणि बाळ त्याच्या चष्म्याकडे पाहत असते. अशा वेळी शब्द हवा तो चष्म्याचा.

मराठी घरांतील बाळाची रोजची अंघोळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पायांवर आडवे घेतलेल्या बाळाचा चेहरा न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या चेहऱ्यासमोर असतो, तेल चोळताना हात, पाय, पोट, नाक यांची नावे त्या त्या अवयवाला स्पर्श होत असतानाच उच्चारली जातात, पाणी डोक्यावर घेताना ठरलेले तेच ते बोल येतात, बाळ रडले तर त्याला उत्तर मिळते आणि हसले तर अंघोळ थोडी लांबते. एलिका बर्गलसन आणि डॅनियल स्विंगली यांनी २०१२ मध्ये असे दाखवले, की सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना खाण्याच्या वस्तूंची आणि शरीराच्या अवयवांची काही नावे कळू लागलेली असतात, आणि हे वय पूर्वी मानले जात होते त्याहून बरेच कमी आहे. अवयवांची नावे इतक्या लवकर का कळावीत, याचे एक उत्तर कदाचित अशा अंघोळीत असेल. नोकरदार घरांत ही अंघोळ आठवड्याच्या सुटीपुरती उरली, किंवा ठरलेल्या बाईने वीस मिनिटांत मुकाट उरकायचे काम झाली, तर बाळाच्या त्वचेचे फार बिघडत नाही. बुडतो तो रोजचा ठरलेला संवाद.

वाचून दाखवण्याचा प्रश्न याच ठिकाणी येतो. ज्याला अजून बसताही येत नाही त्याच्यापुढे पुस्तक धरणे काहींना हास्यास्पद वाटते. पुस्तक बाळाला समजते म्हणून वाचायचे नसते. ते मोठ्या माणसाला बोलायला विषय देते आणि दोघांची नजर एका पानावर आणते, म्हणून ते वाचायचे असते. आनात निनियो आणि ब्रूनर यांनी १९७८ मध्ये एक माता आणि तिचे मूल चित्रपुस्तक पाहताना काय घडते हे बारकाईने नोंदवले : आई लक्ष वेधते, ‘हे काय?’ विचारते, थांबते, मुलाचा कोणताही आवाज उत्तर म्हणून स्वीकारते आणि मग नाव सांगते. मूल अजून काहीच बोलत नसताना त्याच्या हुंकाराला उत्तराचा दर्जा दिला जातो. दुसरा लाभ शब्दांचा. जेसिका मोंटाग, मायकेल जोन्स आणि लिंडा स्मिथ यांनी २०१५ मध्ये शंभर चित्रपुस्तकांतील मजकुराची मुलांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्याशी तुलना केली, तेव्हा पुस्तकांत शब्दांचे वैविध्य स्पष्टपणे अधिक आढळले. ते स्वाभाविक आहे. घरातले बोलणे ‘हे घे’, ‘ते ठेव’, ‘ये इकडे’ यांतच फिरते, आणि सिंह, जंगल, होडी, वादळ हे शब्द स्वयंपाकघरात आपण होऊन येत नाहीत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १९९२ मध्ये ३०० बाळांना मोफत पुस्तके देऊन ‘बुकस्टार्ट’ची सुरुवात झाली आणि तो पुढे राष्ट्रीय कार्यक्रम बनला; अमेरिकेत बॉस्टनच्या रुग्णालयात १९८९ पासून बालरोगतज्ज्ञ तपासणीच्या वेळीच पुस्तक हातात ठेवू लागले. लसीकरणाच्या रांगेतच पुस्तक मिळावे ही कल्पना महाराष्ट्रात अमलात आणायला पैशापेक्षा आग्रहाचीच उणीव आहे.

मराठीत या वयासाठी वाचायला काय आहे, हा त्यापुढचा प्रश्न. जाड पुठ्ठ्याची, चावली तरी न फाटणारी, एका पानावर एक चित्र आणि एक वाक्य असलेली मराठी पुस्तके मागणीच्या मानाने थोडी आहेत. बरीचशी बालपुस्तके मुळाक्षरे शिकवण्याच्या घाईत असतात. दुसरी अडचण छापील मराठीची आहे. घरात ‘आलं’, ‘गेलं’ असे बोलले जाते आणि पानावर ‘आले’, ‘गेले’ छापलेले असते, त्यामुळे वाचताना आवाज आपसूक शाळकरी होतो. वाचणाऱ्याने छापील ओळ बाजूला ठेवून आपल्या बोलीत सांगितले तरी चालते, किंबहुना या वयात तेच योग्य. त्यासाठी साक्षर असण्याचीही गरज नाही. निरक्षर आजी चित्र पाहून जे सांगते ते या अर्थाने वाचनच असते. मेणाचे घर असलेल्या चिमणीची आणि शेणाचे घर असलेल्या कावळ्याची कथा, जिच्यात पावसात भिजणारा कावळा दार वाजवतो आणि चिमणी दर वेळी थांबायला लावून नवे कारण देते, ती मराठी बाळांच्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती अशाच सांगण्यातून. तिची रचना तान्ह्या श्रोत्यासाठी अचूक आहे : ठोठावणे तेच, उत्तराचा साचा तोच, बदलतो फक्त एक शब्द, आणि चौथ्या-पाचव्यांदा ऐकणारे मूल दार वाजण्याआधीच हाताने ठोठावू लागते.

शासनाच्या दृष्टीला ही वर्षे अजून धूसर दिसतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे १९४५ मध्ये आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, असे ठरवले आणि अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ही अंगणवाडीची कल्पना रुजवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचवले. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची औपचारिक रचना तिसऱ्या वर्षापासून सुरू होते आणि त्याखालच्या मुलांशी अंगणवाडीचा संबंध मुख्यतः वजन, लसीकरण आणि पूरक आहार यांपुरता राहतो. केंद्र सरकारने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा २०२४ मध्ये आणला, हे स्वागतार्ह आहे. मात्र डोईजड नोंदवह्या सांभाळणाऱ्या सेविकेने गृहभेटीत आईला काय सांगावे आणि ते सांगायला तिला वेळ कोठून मिळावा, हे ठरल्याशिवाय आराखडा आराखडाच राहील. तिने शब्द मोजायला सांगू नये, एवढे मात्र नक्की. ऊसतोडीच्या फडावर बाळ पाचटावर झोपवून कोयता चालवणाऱ्या आईला दिवसाला इतके हजार शब्द बोलण्याचा हिशेब देणे हा क्रूर विनोद ठरेल. बाळाने हुंकार दिला की त्याला उत्तर द्या, हा सल्ला तिच्याही आवाक्यात आहे.

कोणत्या भाषेत बोलावे, याचे उत्तरही यातूनच मिळते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घराने बाळाशी प्रमाण मराठीत आणि शहरी मराठी घराने इंग्लिशमध्ये बोलण्याचा जो अट्टहास चालवला आहे, त्यात बाळाच्या कानावर मोजक्या आज्ञा आणि रंगांची नावे पडतात. चेष्टा, लटका राग, समजूत, जुनी आठवण यांतले काही पडत नाही, कारण ते त्या उसन्या भाषेत बोलणाऱ्यालाच येत नसते. दोन भाषा एकाच वेळी ऐकल्याने मुलाला भाषाविकार होतो, ही भीती निराधार आहे. आजी अहिराणीत आणि आई मराठीत बोलली तर मूल दोन्ही घेते. अमेरिकेत किंवा आखातात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत तर घर हीच मराठीची एकमेव जागा असते आणि बाहेरची भाषा शाळा व रस्ता शिकवल्यावाचून राहत नाही.

या साऱ्या विवेचनात बाळाला ऐकू येते हे गृहीत धरलेले आहे, आणि प्रत्येक बाळाच्या बाबतीत ते खरे नसते. दर हजारी साधारण एक ते तीन बाळे लक्षणीय श्रवणदोषासह जन्मतात आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही. बहिरे बाळही पहिले काही महिने आवाज काढतच असते. लॉरा अॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवले, की खुणांची भाषा वापरणाऱ्या बहिऱ्या आईवडिलांची बहिरी बाळे त्याच सुमाराला हातांनी ‘बडबडू’ लागतात, ज्या वयात ऐकणारी बाळे तोंडाने बडबडतात. त्यांना भाषा मिळते, कारण त्यांच्या हातवाऱ्यांना पहिल्या दिवसापासून उत्तर मिळत असते. ज्यांचा दोष ओळखलाच जात नाही, त्यांच्यासमोर माणसे ओठ हलवत राहतात आणि एक-दोन वर्षे निघून जातात. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र, उपचार किंवा खुणांची भाषा, असा क्रम जगभर मान्य झालेला आहे. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करत आहे. प्रसूतिगृहातून घरी सोडण्यापूर्वीची ही चाचणी काही मिनिटांची असते, बाळ झोपेत असतानाच करता येते आणि सुटीच्या कागदपत्रांत तिची नोंद आहे की नाही हे आईवडिलांनी विचारून घ्यायचे असते.